शिक्षिका सावित्रीबाई

सातारा जिल्ह्यातील नायगाव या लहानशा खेड्यात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षीच, पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. मुलीच्या हाती पाटी देणे हे त्या काळी पापच समजले जाई. शिकलेल्या बाईच्या घरावर संकट कोसळते, अशी लोकांची भाबडी समजूत होती. परंतु जोतीरावांना विद्येचे मोल कळले होते. त्यांनी पत्नीला स्वतः शिकवले आणि पुढे शिक्षिकेच्या कामासाठी तयार केले.

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात, जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. शाळा निघाली खरी. पण नुसती शाळा उघडून मुली थोड्याच येणार! आरंभी जेमतेम सहा मुली आल्या. कोणाच्या घरी धाकटे भावंड सांभाळायचे असे, कोणाला पाणी भरायचे असे, तर कोणाच्या आईबापांना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्याचे भय वाटे. सावित्रीबाई शाळेत वाट पाहत बसल्या नाहीत. त्या मुलींच्या घरी जाऊ लागल्या. आयांची सुखदुःखे त्यांनी विचारली आणि शिक्षणाचे महत्त्व साध्या शब्दांत पटवून दिले. ही बाई आपल्या लेकीचे भलेच करील, असा भरवसा एकदा वाटू लागला की, दार उघडे आणि मुलगी शाळेची वाट धरी.

ही वाट मात्र सोपी नव्हती. शाळेत जाता-येता सनातनी मंडळी त्यांच्यावर शेण, चिखल आणि खडे फेकीत. म्हणून त्या एक जादा लुगडे बरोबर ठेवीत. शाळेत पोहोचल्यावर मळलेले लुगडे बदलून त्या शांतपणे धडा सुरू करीत. लोकांचा रोष वाढला, तेव्हा १८४९ साली जोतीरावांच्या वडिलांनी त्या दोघांना घराबाहेर काढले. अशा वेळी गंज पेठेतील उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. फातिमा शेख यांनी सावित्रीबाईंच्या अध्यापनकार्यात साथ दिली. आपल्या माणसांनी दार लावले, पण शेजारधर्माने दुसरे दार उघडले.

हळूहळू शाळांची संख्या वाढली. अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठीही शाळा निघाल्या. १८५२ साली सरकारने विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा जाहीर सत्कार केला. परंतु याहून मोठी पावती एका विद्यार्थिनीने दिली. मांग समाजातील मुक्ता नावाच्या या मुलीने आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. ज्यांना अक्षर शिवण्याचीही बंदी होती, त्यांची लेक आता निर्भयपणे लिहू लागली होती.

सावित्रीबाईंची शिकवण वर्गाच्या चार भिंतींत मावणारी नव्हती. ज्या वस्तीतील मुले शाळेत यावीत, त्या वस्तीची तहान-भूकही त्यांना आपली वाटे. १८६८ साली फुले दांपत्याने आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्याआधी, १८६३ साली, निराधार विधवांच्या अर्भकांचे प्राण वाचावेत म्हणून त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. तेथेच जन्मलेल्या यशवंतला त्यांनी पोटच्या मुलासारखे वाढवून डॉक्टर केले. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी सत्यशोधक समाजाच्या अन्नछत्रांसाठी कष्ट घेतले. १८९० साली जोतीराव निवर्तले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे धरून त्या स्वतः पुढे चालल्या. स्त्रीने असे करण्याची तेव्हा रीतच नव्हती. पतीच्या मागे सत्यशोधक समाजाचे कार्यही त्यांनी पुढे चालवले.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ पसरली. माणसे घरेदारे सोडून रानात राहू लागली. आप्तसुद्धा रोग्याजवळ जाण्यास धजेनात. सावित्रीबाईंनी यशवंताकरवी पुण्याबाहेर हडपसरजवळ दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्या तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्या वेळी त्यांचे वय सहासष्ट वर्षांचे होते. रोग्यांची शुश्रूषा करता करता त्यांनाही प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

जी वाट त्यांनी शेणगोळे झेलीत पहिल्यांदा तुडवली, त्याच वाटेने आज लक्षावधी मुली हसतखेळत शाळेला जातात. ३ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात बालिका दिन म्हणून पाळला जातो आणि २०१४ सालापासून पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. मुलांना शिकवण्यासाठी आधी त्यांच्या घरच्या उंबरठ्यापर्यंत जावे लागते, हे सावित्रीबाईंनी ओळखले होते. आणि तो उंबरठा कोणाचाही असो, तो त्यांना कधी परका वाटला नाही.