आंद्रे त्रोक्मे

आंद्रे त्रोक्मे (७ एप्रिल, १९०१ - ५ जून, १९७१) हे फ्रेंच प्रोटेस्टंट धर्मोपदेशक आणि अहिंसावादी विचारवंत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते फ्रान्सच्या ओत-ल्वार विभागातील ल शाँबाँ-स्युर-लिन्यों या गावी पाळक होते. या गावाने आणि आसपासच्या पठारावरील वाड्यावस्त्यांनी १९४० ते १९४४ या चार वर्षांत मोठ्या संख्येने निर्वासितांना, त्यांतही प्रामुख्याने ज्यूंना, आश्रय दिला. या कार्याचे प्रेरक म्हणून त्रोक्मे व त्यांच्या पत्नी माग्दा यांची नावे घेतली जातात.

पूर्वायुष्य

त्रोक्मे यांचा जन्म उत्तर फ्रान्समधील सँ-काँतँ येथे एका सधन ह्यूगनॉट कुटुंबात झाला. वडील लेस बनविण्याच्या व्यवसायात होते; आई जर्मन होती. आंद्रे दहा वर्षांचे असताना मोटार अपघातात आईचा मृत्यू झाला. त्या वेळी गाडी वडीलच चालवीत होते. पहिल्या महायुद्धात सँ-काँतँ जर्मनांच्या ताब्यात गेले. त्या काळात त्यांची गाठ एका जर्मन सैनिकाशी पडली. तारायंत्र विभागात काम करणाऱ्या या सैनिकाने धार्मिक श्रद्धेपोटी शस्त्र बाळगण्यास नकार दिला होता. शत्रूच्या गणवेशातील या माणसाचा किशोरवयीन आंद्रेवर खोल परिणाम झाला आणि त्यांच्या अहिंसावादाचे मूळ बहुधा येथेच शोधावे लागते. १९१७ मध्ये कुटुंबाला घरदार सोडून बेल्जियममध्ये जावे लागले. निर्वासिताचे जिणे त्यांनी असे स्वतः अनुभवले होते.

पॅरिसमध्ये धर्मशास्त्राचे शिक्षण घेतल्यानंतर ते १९२५ मध्ये शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले. तेथे रॉकफेलर कुटुंबातील मुलांचे शिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. मूळच्या फ्लॉरेन्सच्या माग्दा ग्रिली यांच्याशी त्यांची ओळख न्यूयॉर्कमध्येच झाली. १९२६ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी व तीन मुलगे झाले.

ल शाँबाँ

उत्तरेकडील औद्योगिक गावांत काही वर्षे सेवा केल्यावर त्रोक्मे १९३४ मध्ये ल शाँबाँ येथे आले. समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवरील हे पठार कॅथलिक फ्रान्समधील एक प्रोटेस्टंट बेट होते. सतराव्या-अठराव्या शतकांत ह्यूगनॉटांचा जो छळ झाला, त्याच्या आठवणी येथील शेतकऱ्यांच्या घराघरांत जिवंत होत्या. सरकारी शिपाई दाराशी आल्यावर गप्प कसे राहावे, हे या लोकांना कोणी शिकवावे लागले नाही. उन्हाळी पर्यटनामुळे गावात खानावळी व भाड्याची घरे भरपूर होती. पुढे या घरांचा फार उपयोग झाला.

१९३८ मध्ये त्रोक्मे व एदुआर तेइस यांनी येथे एक माध्यमिक शाळा सुरू केली. शांतता आणि आंतरराष्ट्रीय सलोखा ही तिची तत्त्वे होती. युद्धकाळात सरकारी नोकरीतून काढलेले ज्यू शिक्षक आणि पळून आलेले ज्यू विद्यार्थी या शाळेत सामावले गेले.

जून १९४० मध्ये फ्रान्सने शरणागती पत्करली. युद्धबंदीच्या करारावर सही झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २३ जून रोजी, त्रोक्मे व तेइस यांनी चर्चमध्ये प्रवचन दिले. सदसद्विवेकाविरुद्ध जाणाऱ्या आज्ञांना भीती व द्वेष न बाळगता विरोध करावा, असा त्याचा आशय होता. व्हिशी सरकारने शाळांत ध्वजवंदन सक्तीचे केले तेव्हा त्यांच्या शाळेने ते टाळले. मार्शल पेताँ यांच्या सन्मानार्थ घंटा वाजविण्याचा आदेशही चर्चने पाळला नाही.

आश्रयकार्य

१९४०-४१ च्या हिवाळ्यात एक जर्मन ज्यू स्त्री त्रोक्मे यांच्या दाराशी आली. माग्दा यांनी तिला घरात घेतले, जेवू घातले आणि तिच्यासाठी कागदपत्रे मागायला त्या नगरप्रमुखांकडे गेल्या. नगरप्रमुखांनी मदत तर नाकारलीच, उलट त्या स्त्रीला गावाबाहेर काढण्यास सांगितले. माग्दा यांना तिला पुढे पाठवावे लागले. या घटनेची खंत त्यांना पुढेही राहिली. अशा कामात अधिकाऱ्यांना विचारायचे नसते, हा धडा मात्र त्यांनी त्या दिवशी घेतला.

याच सुमारास त्रोक्मे यांनी अमेरिकन क्वेकर कार्यकर्ते बर्न्स चाल्मर्स यांची भेट घेतली. दक्षिण फ्रान्समधील ग्युर्ससारख्या छावण्यांतून मुलांना सोडविणे शक्य होते. परंतु त्यांना ठेवून घ्यायला एकही गाव तयार नव्हते. त्रोक्मे यांनी ल शाँबाँच्या वतीने ही जबाबदारी स्वीकारली. क्वेकर, स्विस बालसाहाय्य संस्था, सिमाद ही प्रोटेस्टंट संघटना इत्यादींच्या मदतीने मुलांची वसतिगृहे उभी राहिली. बाकीचे लोक खानावळींत आणि विखुरलेल्या शेतघरांत राहिले. बायबलच्या जुन्या करारातील शरणपुरांचा दाखला त्रोक्मे या संदर्भात देत असत. कोणाच्या घरी कोण आहे, हे शेजारीही विचारीत नसत. या मौनामुळेच पुढे इतिहासकारांच्या हाती फारशा नोंदी लागल्या नाहीत. काहींना डोंगरांतून स्वित्झर्लंडच्या सीमेपलीकडे पोहोचविण्यात आले. त्यासाठी लागणारी खोटी ओळखपत्रे तयार करण्यात ऑस्कार रोसोव्स्की या तरुण ज्यू निर्वासिताचा मोठा वाटा होता.

जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये ज्यूंची मोठी धरपकड झाली. पुढच्याच महिन्यात व्हिशीचे युवामंत्री जोर्ज लामिराँ ल शाँबाँ येथे आले असता विद्यार्थ्यांनी त्यांना निषेधाचे पत्र दिले. आपल्यात ज्यू आहेत आणि त्यांना सोपविण्याचा हुकूम आला तर तो मानला जाणार नाही, असे त्यात उघडपणे लिहिलेले होते. ऑगस्टअखेर पोलीस बसगाड्या घेऊन आले. त्यांनी त्रोक्मे यांच्याकडे ज्यूंची यादी मागितली. त्यांनी नकार दिला. तोवर मुले रानात व दूरच्या शेतांत लपली होती. पोलीस जवळजवळ रिकाम्या हातांनी परतले.

अटक आणि भूमिगत जीवन

१३ फेब्रुवारी, १९४३ रोजी त्रोक्मे, तेइस आणि सरकारी शाळेचे मुख्याध्यापक रोजे दार्सिसाक यांना अटक झाली. अटकेसाठी आलेल्या पोलिसांनाही माग्दा यांनी जेवायला बसविले. तिघांना लिमोजजवळच्या सँ-पोल-देजो छावणीत ठेवण्यात आले. मार्शल पेताँ यांच्या आज्ञा पाळण्याच्या हमीपत्रावर सही केली तर सुटका होणार होती. त्रोक्मे व तेइस यांनी सही नाकारली. तरीही सुमारे महिन्याभरात त्यांना सोडण्यात आले.

२९ जून, १९४३ रोजी गेस्टापोने मेझों दे रोश या विद्यार्थी वसतिगृहावर छापा घातला आणि १८ विद्यार्थ्यांसह त्याचे प्रमुख दानिएल त्रोक्मे यांना पकडले. दानिएल हे आंद्रे यांचे दूरचे चुलतभाऊ. माग्दा तेथे धावून गेल्या. एका स्पॅनिश विद्यार्थ्याने काही काळापूर्वी नदीत बुडणाऱ्या जर्मन सैनिकाला वाचविले होते. त्याची साक्ष उभी करून तेवढ्या एकाला त्यांनी सोडवून आणले. दानिएल यांनी आपल्या मुलांना सोडून जाण्याचे टाळले होते. एप्रिल १९४४ मध्ये मायदानेक छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला.

जिवाला धोका असल्याचे कळल्यावर त्रोक्मे १९४३ च्या उन्हाळ्यात भूमिगत झाले. बेगे या खोट्या नावाचे ओळखपत्र बाळगणे त्यांना सलत असे, कारण खोटे बोलणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. इतरांसाठी खोटी कागदपत्रे बनत असताना त्यांनी ती थांबविली नव्हती, हेही येथे नोंदविले पाहिजे. एकदा ल्यों स्थानकावर ते पकडले गेले. विचारल्यास खरे नाव सांगायचे, असे त्यांनी ठरविले होते. परंतु सोबत लहान मुलगा होता, आणि संधी मिळताच त्याला घेऊन ते निसटले. पठारावरील काही तरुण याच काळात सशस्त्र प्रतिकारात सामील झाले. त्रोक्मे यांना ते रुचले नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये, मुक्ती अगदी जवळ आली असताना, त्यांचा मुलगा झाँ-पिएर अपघाताने दगावला.

उत्तरायुष्य

युद्धानंतर त्रोक्मे दांपत्याने आंतरराष्ट्रीय सलोखा संघाचे युरोपमधील काम पाहिले. अल्जीरियन युद्धात लढण्यास नकार देणाऱ्या तरुणांना त्यांनी साहाय्य केले. पुढे त्रोक्मे जिनिव्हा येथे पाळक झाले. येशू ख्रिस्ताची शिकवण आणि अहिंसक क्रांती यांवरील त्यांचा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. जिनिव्हातच त्यांचे निधन झाले.

सन्मान आणि मतभेद

इस्रायलमधील याद वाशेम संस्थेने त्रोक्मे यांना जानेवारी १९७१ मध्ये, दानिएल यांना १९७६ मध्ये आणि माग्दा यांना १९८४ मध्ये ज्यूंना वाचविणाऱ्या ज्यूेतर व्यक्तींसाठीचा सन्मान दिला. १९९० मध्ये ल शाँबाँ व शेजारच्या गावांचाही सामूहिक गौरव झाला. अमेरिकन तत्त्वज्ञ फिलिप हॅली यांचे १९७९ मधील पुस्तक आणि याच गावी १९४४ मध्ये जन्मलेले पिएर सोव्हाज यांचा माहितीपट यांमुळे हा इतिहास जगभर पोहोचला.

वाचलेल्यांची संख्या अनेकदा ५,००० सांगितली जाते. काही इतिहासकार ती बरीच कमी मानतात. हॅली यांच्या पुस्तकाने सारे श्रेय एका पाळकाकडे दिले, असा आक्षेप गावातील अनेकांनी घेतला. पठारावरील इतर गावांचे पाळक, कॅथलिक कुटुंबे, डार्बी पंथीय शेतकरी आणि ज्यू संघटनांचे स्वतःचे काम त्यात झाकोळले गेले. प्रांताधिकारी रोबेर बाक यांनी किती डोळेझाक केली, यावरही वाद आहे. ल शाँबाँ येथे २०१३ मध्ये या इतिहासाचे स्मृतिकेंद्र सुरू झाले. ते गावातील जुन्या शाळेच्या इमारतीत आहे.