देशभक्त केशवराव जेधे : पक्षांपलीकडचा माणूस

राजगडाच्या पायथ्याला गुंजवणे हे माझे गाव. रविवारी शहरातली माणसे पाठीला पिशव्या लावून आमच्या दारावरून चोरदरवाजाच्या वाटेने गड चढतात, आणि सोमवारी आमच्यातले काहीजण शिकायला शहराची वाट धरतात. पुण्यात पहिल्यांदा शिकायला आलो, तेव्हा एस. टी. स्वारगेटला थांबली. उतरून ज्या चौकात गोंधळून उभा राहिलो, त्या चौकाचे नाव पाटीवर वाचले : देशभक्त केशवराव जेधे चौक. जेधे हे नाव वाचून जीव थोडा भांड्यात पडला. जेधे म्हणजे आमच्याच मावळातले, भोरकडच्या कारीचे! पण हे केशवराव कोण, त्यांनी काय केले, हे मात्र मला सांगता आले नसते. रोज हजारो माणसे त्या चौकातून जातात. त्यांतल्या पुष्कळांची गत माझ्यासारखीच असावी.

त्यांचे नाव पुन्हा भेटले ते राज्यशास्त्राच्या तासाला. सर लोकानुरंजनवादी नेतृत्वाविषयी शिकवत होते. काही पुढारी असे असतात की त्यांच्यामागे सगळ्या पक्षांची माणसे जातात, हे का घडते, असा प्रश्न त्यांनी वर्गाला घातला. कोणी म्हणाले पैसा, कोणी म्हणाले जात, कोणी म्हणाले भाषण. मला आमचे घर आठवले. आमच्या घरी एकाच निवडणुकीत तिघांची मते तीन चिन्हांवर पडतात, आणि गावच्या लग्नात मात्र तिन्ही पक्षांचे कार्यकर्ते एकाच पंगतीला बसतात. आमची माणसे अडाणी, त्यांना पक्ष कळत नाही, असे मला तोवर वाटे. त्याची थोडी लाजही वाटे. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे शहाणपणाचा मक्ता आपल्याकडेच आहे असा माझा समज होता. केशवरावांचे चरित्र समजून घेतल्यावर तो समज बराच उतरला.

केशवराव मारुतराव जेधे यांचा जन्म 1896 चा. घराणे कान्होजी जेध्यांचे. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी ज्यांनी आदिलशाही वतनावर पाणी सोडले आणि शिवाजी महाराजांच्या पायाशी निष्ठा ठेवली, तेच हे कान्होजी. केशवरावांचे कुटुंब पुण्यात स्थायिक झालेले. भांड्यांचा व्यवसाय, शुक्रवार पेठेत घर. थोरले बंधू बाबूराव सत्यशोधक विचारांचे. पुढे जेधे मॅन्शन हे घर ब्राह्मणेतर चळवळीचे जणू मुख्यालयच झाले.

1922 च्या सुमारास केशवराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छत्रपती मेळा काढला. पुण्याचा गणेशोत्सव तोवर वरच्या वर्गाच्या हाती होता. मेळ्यातली मुले रस्त्यावर गाणी म्हणत जात. गाण्यांत शिवाजी महाराज होते, जोतीराव फुले होते, आणि आजवर गप्प राहिलेल्यांचा राग होता. व्याख्यानाच्या सभागृहात ज्यांना पाऊल टाकायला संकोच वाटे, तो हमाल, तो माळी, तो कुणबी मेळ्यापुढे मात्र उभा राही. केशवरावांच्या लोकप्रियतेचे पहिले रहस्य मला इथे दिसते. लोकांना त्यांनी काही देऊ केले नव्हते. लोकांच्या मनात सलत होते ते त्यांनी भर रस्त्यात, मोठ्या आवाजात म्हणायला लावले.

1925 मध्ये ते पुणे नगरपालिकेत गेले. जोतीराव फुल्यांचा पुतळा पुण्यात उभारावा अशी मागणी त्यांनी तेथे लावून धरली. ज्या गावात फुल्यांनी मुलींची शाळा काढली, त्याच गावाच्या नगरपालिकेला तेव्हा ती मानवली नाही. त्याच वर्षी दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक केशवरावांनी प्रकाशित केले. त्यात लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर जहाल हल्ला होता. खटला झाला, शिक्षा झाली, आणि 1926 मध्ये अपिलात सुटका झाली. अपिलात त्यांची बाजू मांडणारे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मौज अशी, की इतिहासकारांना अतिशय मोलाची वाटणारी ‘जेधे शकावली’ कारीच्या जेध्यांनी ज्यांच्या स्वाधीन केली होती, ते लोकमान्य टिळकच होते.

इथपर्यंतचे केशवराव मला थोडे भीतिदायक वाटतात, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अपमान झालेल्या माणसाला त्याचा अपमान आठवून देणे सोपे असते. त्या आगीवर पुष्कळ पुढारी आयुष्यभर आपली भाकरी भाजतात. 1927 च्या महाडच्या सत्याग्रहाला जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, तोही एका अटीवर : त्यात ब्राह्मण नकोत. बाबासाहेबांनी ती अट मानली नाही. आपला झगडा ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण माणसाशी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. केशवराव तेथेच थांबले असते, तर ते एका जातसमूहाचे पुढारी म्हणून उरले असते.

ते थांबले नाहीत. 1930 च्या सुमारास त्यांनी काँग्रेसची वाट धरली आणि कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंगवास पत्करला. या वाटेवर त्यांचे जिवाभावाचे सोबती झाले काकासाहेब गाडगीळ, म्हणजे एक ब्राह्मण. 1934 च्या निवडणुकीत दोघेही मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. ज्याने काल ब्राह्मणांना दूर ठेवण्याची अट घातली, त्यानेच आज गाडगिळांच्या खांद्याला खांदा लावला. लोकांनी याला दगाबाजी का म्हटले नाही? माझ्या मते याचे कारण असे, की हा बदल उघड्यावर झाला आणि त्याची किंमत केशवरावांनी स्वतः मोजली. काँग्रेसकडे तेव्हा वाटायला सत्ता नव्हती, तुरुंग होता. त्यांच्याबरोबर महाराष्ट्रातला बहुजन शेतकरीही काँग्रेसमध्ये आला. एरवी वकिलांचा आणि पांढरपेशांचा वाटणारा तो पक्ष खेड्यात गेला, तो अशा माणसांच्या पायांनी.

पुढे ते प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले, घटना समितीचे सदस्य झाले. पण स्वातंत्र्य दाराशी आले तेव्हा शेतकऱ्याची उपेक्षा होणार असे त्यांना दिसू लागले. 1947 च्या ऑगस्टमध्ये आळंदीला शंकरराव मोरे आणि इतर सहकाऱ्यांसह ते एकत्र जमले, आणि 1948 मध्ये शेतकरी कामगार पक्ष काँग्रेसबाहेर पडला. सत्तेची ताटे मांडली जात असताना हा माणूस पंगतीतून उठला, ही गोष्ट आजच्या काळात मुद्दाम आठवावी अशी आहे.

इथे माझ्या प्रश्नाला एक वेगळीच कलाटणी मिळते. केशवराव एवढे लोकप्रिय, तर त्यांच्या मागून सगळी मते जायला हवी होती. तसे झाले नाही. 1952 च्या निवडणुकीत मुंबई राज्याच्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाला अवघ्या 14 जागा मिळाल्या. शेतकऱ्यांनी केशवरावांचे ऐकले, त्यांना मान दिला, आणि मत मात्र काँग्रेसच्या पेटीसाठी राखून ठेवले. पक्षाने तोवर मार्क्सवादाचा मार्ग धरला होता. केशवरावांच्या पिंडालाही तो कितपत मानवला असेल, याची मला शंका आहे. 1954 मध्ये ते काँग्रेसमध्ये परतले. टीका झाली, आणि ती साफ चुकीची होती असे मी म्हणणार नाही. एकाच माणसाने दोनदा उंबरा ओलांडला तर शेजारी बोलणारच.

तरीही 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, तेव्हा अध्यक्षस्थान देण्यात आले ते केशवरावांना. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन : एरवी एकमेकांच्या सभा उधळतील अशी ही मंडळी. त्यांना एका छताखाली बसवायचे तर मध्ये असा माणूस हवा होता, की ज्याच्याशी प्रत्येकाचे कधी ना कधी भांडण झाले होते आणि ज्याच्या हेतूविषयी मात्र कोणाला संशय नव्हता. ते छत टिळकांच्या नावाचे असावे, यात मला नियतीचा खेळ दिसतो. ‘देशाचे दुश्मन’ छापणारा तरुण तीस वर्षांनी टिळक स्मारकात मराठी माणसाची एकजूट बांधत होता.

बारामती मतदारसंघातून 1957 मध्ये लोकसभेवर गेलेले केशवराव 12 नोव्हेंबर 1959 रोजी खासदार असतानाच वारले. महाराष्ट्र राज्य झाले ते 1 मे 1960 रोजी. अवघ्या साडेपाच महिन्यांनी तो दिवस पाहण्याचे त्यांचे राहून गेले.

मग सरांच्या प्रश्नाचे उत्तर काय? आमच्याकडे भातलावणीला सावड करतात. आज तू माझ्या खाचरात ये, उद्या मी तुझ्या खाचरात येतो. तिथे कोणी करारपत्र लिहीत नाही. पण जो एकदा येऊन फेड करत नाही, त्याला पुढच्या पावसाळ्यात कोणी हाक मारत नाही. लोकांचा पुढाऱ्यावरचा विश्वास हा असाच आहे, असे मला वाटते. केशवराव लोकांच्या खाचरात आधी उतरले, चिखलात उभे राहिले, म्हणून लोक त्यांच्या पाटीकडे न बघता त्यांच्या हाकेला ओ देत राहिले. पण लोकांनी आपली अक्कल गहाण ठेवली नाही. 1952 मध्ये त्यांनी माणसाला जवळ ठेवले आणि त्याच्या पक्षाला नाकारले. यालाही विवेक म्हणतात.

धोका आहे तो दुसरीकडे. चिखलात न उतरता नुसते धोतर वर खोचून दाखवणारेही असतात. तेही शिवाजी महाराजांचे नाव घेतात, तेही आपला अपमान आठवून देतात, तेही पक्ष बदलतात. फरक ओळखायचा कसा? मी माझ्यापुरते दोन प्रश्न ठरवले आहेत. बदलताना याने काय गमावले? आणि काल ज्यांना शत्रू म्हटले, त्यांच्याकडे तो आज माणूस म्हणून पाहू शकतो का? केशवराव या दोन्ही प्रश्नांना उतरतात.

आता मतदार यादीत माझेही नाव लागले आहे. घरातली तीन मते चार होतील. ती कोणत्या चिन्हावर पडावीत हे मी घरच्यांना सांगणार नाही. त्यांना ते माझ्याआधीपासून कळते. फक्त स्वारगेटला उतरलो की त्या पाटीकडे एकदा बघून घेतो, आणि मग कॉलेजची वाट धरतो.