श्रोत्यांना बोलते करणारे गाडगेबाबा

कीर्तनाला उभे राहिल्यावर गाडगेबाबा लोकांना प्रश्न विचारत. प्रश्न साधा, रोजच्या जगण्यातला. देव कुठे राहतो, कर्ज कशासाठी काढले, पोराला शाळेत का घातले नाही. समोर बसलेले शेकडो लोक एका आवाजात उत्तर देत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. नांदेड-लातूरकडच्या गावांना सप्ताह आणि कीर्तन नवीन नाही. पण श्रोत्यांकडून उत्तर घेत पुढे सरकणारे हे कीर्तन वेगळे होते. सर्वांना समजेल असे जाहीर बोलावे कसे, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यात सापडते.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनापायी लवकर गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन दापुरे या माहेरगावी आली. डेबूजी मामांकडे गुरे राखत आणि शेती करत वाढला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. सावकाराच्या कर्जात शेती कशी जाते, हे मात्र घरातच पाहिले. मुलीच्या बारशाला मांस आणि दारू हवीच, ही रूढी त्याने मोडली आणि पंगतीला गोडाधोडाचे जेवण वाढले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, हाती खराटा, डोक्यावर मडक्याचे खापर. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

गावात आले की ते आधी रस्ते झाडायला घेत आणि रात्री कीर्तन करत. त्यांच्यासमोर बसणाऱ्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. १९५१च्या जनगणनेतही देशातील साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपासच होती. म्हणून बाबांनी पोथीची भाषा बाजूला ठेवली. ते वऱ्हाडी बोलीत बोलत. वाक्ये छोटी असत. एकच मुद्दा शब्द बदलून पुन्हा पुन्हा येई. मध्येच नामगजर होई, लोक टाळ्या वाजवत आणि मग पुढचा विषय सुरू होई. दारू, पशुबळी, कर्ज, अस्पृश्यता, अस्वच्छता हे त्यांचे विषय होते आणि त्या काळी गावाचे आरोग्यही याच गोष्टींवर अवलंबून होते.

या पद्धतीचा उपयोग आज कानाच्या आणि मेंदूच्या अभ्यासातून समजावून सांगता येतो. वय वाढते तसे बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि स्वर मात्र ऐकू येत राहतात. त्यामुळे माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. साठच्या जागी आठ ऐकू येते. अशा वेळी वक्ता ओरडला तर स्वरच मोठे होतात, शब्द स्पष्ट होत नाही. उपयोग होतो तो सावकाश बोलण्याचा, मध्ये थांबण्याचा आणि तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगण्याचा. पहिल्यांदा निसटलेला शब्द दुसऱ्या वेळी हाती लागतो. पक्षाघातानंतर भाषा समजायला वेळ लागणारी व्यक्ती, स्मरणशक्ती कमी झालेले वृद्ध, बौद्धिक अक्षमता असलेली तरुण मुले या सर्वांना याच गोष्टींची मदत होते.

प्रश्न विचारण्यामागेही शास्त्र आहे. समजले का, असे विचारले की न समजलेला माणूसही संकोचाने हो म्हणतो. म्हणून रुग्णाला दिलेली माहिती त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावावी, असे आज डॉक्टर आणि परिचारिकांना शिकवले जाते. या पद्धतीला टीच-बॅक म्हणतात. गोळी जेवणाआधी की नंतर, इन्सुलिन किती, ताप आला तर काय करायचे, हे रुग्णाने सांगितले तरच ते पोहोचले असे धरायचे. नाही सांगता आले, तर समजावणाऱ्याने पुन्हा समजावायचे. चूक ऐकणाऱ्याची मानायची नाही.

बाबांचे काम कीर्तनापुरते नव्हते. यात्रांच्या ठिकाणी आंधळे, पांगळे आणि कुष्ठरोगी यांना ते पंगतीत बसवून जेवू घालत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी १९५४ मध्ये धर्मशाळा झाली. त्यांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या दहा कलमांत अंध, पंगू आणि रोगी यांना औषधोपचार हे एक कलम आहे.

तरीही कीर्तन हा मुळात कानांचा खेळ. जन्मतः कर्णबधिर असलेल्या माणसासाठी बाबांच्या कीर्तनातही सोय नव्हती. ती सोय आज करता येते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी केंद्र सरकारची संस्था दिल्लीत २०१५ पासून काम करते. दुभाषी मिळाला तर त्याला वक्त्याशेजारी, उजेडात उभे करावे. दुभाषी नसेल तर मुख्य मुद्दे मोठ्या अक्षरांत पडद्यावर किंवा फलकावर लिहावेत. ओठांच्या हालचाली पाहून समजून घेणाऱ्यांसाठी वक्त्याच्या चेहऱ्यावर उजेड हवा आणि माइक तोंडासमोर येता कामा नये.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत आणखी एक गरज आहे, ती भाषेची. देगलूर, बिलोली, किनवटकडे तेलुगू, उदगीर, देवणी, निलंग्याकडे कन्नड, तांड्यांवर गोरमाटी आणि शहरांत उर्दू बोलणारी घरे आहेत. मधुमेह किंवा क्षयरोगावरचे आरोग्य शिबिरातले भाषण छापील मराठीत झाले, तर यातल्या अनेकांच्या हाती फक्त टाळ्या वाजवणे उरते. वऱ्हाडी श्रोत्यांसमोर बाबांनी वऱ्हाडी निवडली, त्यामागचा विचार इथेही लागू पडतो. गावातलीच आशाताई तोच मजकूर तिथल्या बोलीत सांगू शकते.

बाकीच्या गोष्टींना फारसा खर्च लागत नाही. पत्र्याच्या मंडपात आवाज घुमतो आणि शब्दांवर शब्द चढतात. अशा वेळी एका टोकाला कर्णा लावून आवाज वाढवण्यापेक्षा कमी आवाजाचे दोन-चार स्पीकर मंडपात विखुरणे चांगले. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना पुढे बसवावे, कारण अंतर आणि गोंगाट वाढला की यंत्राचा उपयोग कमी होतो. चाकाच्या खुर्चीला पुढे जागा आणि व्यासपीठाला उतार ठेवावा. पडद्यावर चित्र दाखवले तर त्यात काय आहे ते बोलून सांगावे, म्हणजे दृष्टिहीनांनाही कळते. स्वमग्न मुलांना मोठ्या आवाजाचा त्रास होतो. त्यांच्यासाठी मंडपाबाहेर एक शांत कोपरा पुरतो.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे कीर्तन झाले आणि ते ध्वनिमुद्रित करण्यात आले. त्याच वर्षी २० डिसेंबरला वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांचे निधन झाले. त्या ध्वनिमुद्रणात बाबांच्या प्रश्नांसोबत लोकांची उत्तरेही ऐकू येतात. आता त्यासोबत लेखी मजकूर आणि सांकेतिक भाषेतील चित्रफीत जोडली, तर ज्यांना आवाजच पोहोचत नाही, त्यांनाही बाबांच्या प्रश्नांना उत्तर देता येईल.