हैज्याचे विष शोधणारे डॉ. शंभुनाथ डे

बालमित्रांनो, पावसाळा लागला की आपल्या जंगलभागात नाल्याचे गढूळ पाणी विहिरीत उतरते आणि घरोघरी हगवण सुरू होते. मी पाहतो, काही घरी हगवण लागलेल्या लेकराचे पाणीच बंद करतात. पाणी पाजले तर आणखी जुलाब होतील, असे घरच्यांना वाटते. ही समजूत चुकीची का, हे समजायला ज्यांच्या शोधाची मोठी मदत झाली, त्या डॉ. शंभुनाथ डे यांचे चरित्र आज मी सांगतो. मुलचेरा, चामोर्शीकडे बंगाली लोकांची गावे आहेत ना, त्यांचीच भाषा बोलणारे हे शास्त्रज्ञ.

शंभुनाथांचा जन्म १९१५ साली बंगालमधील हुगळी जिल्ह्यातल्या एका खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताची. काकांनी शिक्षणाला आधार दिला. शिष्यवृत्ती मिळवून ते शिकले आणि १९३९ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. १९४९ साली लंडनला पीएच.डी. मिळवली आणि मायदेशी परतले.

कलकत्त्यात त्या काळी हैज्याने फार माणसे दगावत. १८८४ साली कॉख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने त्याच शहरात हैज्याचा जंतू दाखवून दिला होता. पण हा जंतू पोटात असे काय करतो, की धडधाकट माणूस काही तासांत सुकून जावा? हे कोडे काही सुटत नव्हते. शास्त्रज्ञ जनावरांना जंतू टोचत, पण हैज्यासारखी हगवण काही लागत नसे.

डे यांनी विचार केला, रोग आतड्याचा, तर शोधही आतड्यातच घ्यावा. त्यांनी सशाच्या पोटातच आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्यात जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काय, तेवढाच भाग पाण्याने टम्म फुगलेला! हा प्रयोग १९५३ साली छापून आला. पुढे त्यांनी जंतू वाढवलेले पाणी बारीक गाळणीतून गाळले. आता त्यात एकही जंतू उरला नाही. तरी आतडे फुगलेच. म्हणजे जंतू एक विष सोडतो, हे १९५९ साली सिद्ध झाले.

हे विष आतडे फाडत नाही, बरे का. ते जणू नळ उघडा टाकते. अंगातले पाणी आणि मीठ वाहून जाते आणि माणूस दगावतो. मग गेलेले पाणी परत दिले पाहिजे, नाही का? १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजले. तिथे शंभरात सुमारे तीस रोगी मरत, ते चारच्या आत आले.

इतका मोठा शोध लावूनही डे यांना आपल्या देशात हयातीत मोठा सन्मान मिळाला नाही. १९७८ साली मात्र नोबेल संस्थेने हैज्यावरील परिषदेसाठी त्यांना स्वीडनला मानाने बोलावले. १९८५ साली ते वारले. मानमरातबाच्या मागे न लागता ते शेवटपर्यंत कामात राहिले.

मुलांनो, त्यांचे ऋण आपण असे फेडू. पाणी उकळून, गाळून प्या. संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. घरात कुणाला हगवण लागली तर आशाताईंकडून जलसंजीवनीचे पाकीट आणा. ते नसेल तर उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजा. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध तोडू नका. डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर लगेच दवाखान्यात न्या. आणि आजीला समजावून सांगा, पाणी बंद करायचे नाही.