विल्यम हार्वे आणि रक्ताचा हिशेब

ज्या पेढीची दिवसाची उलाढाल तिच्या भांडवलाच्या कित्येक पट आहे, तेथे तोच पैसा पुन्हा पुन्हा फिरत असतो, हे सांगलीच्या हळदपेठेतील अडत्यास किंवा साताऱ्याच्या सराफास आम्ही सांगावयास नको. हाच न्याय विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने मानवी हृदयास लाविला.

हार्वेचा जन्म 1578 साली फोकस्टन येथे झाला. केंब्रिजचे शिक्षण आटोपून तो इटलीतील पाडुआस गेला व 1602 मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन परतला. पुढे तो इंग्लंडच्या राजाचा वैद्यही झाला. त्या काळी युरोपात गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचे मत प्रमाण होते. यकृत अन्नापासून रक्त तयार करते व शरीर ते संपविते, असे ते मत.

हार्वेने शब्दप्रामाण्य बाजूस सारून पुरावा तपासला. हृदय दर ठोक्यास थोडेच रक्त धमन्यांत ढकलते असे धरले, तरी तासाभराची बेरीज सबंध देहातील रक्ताहून अधिक भरते. आजच्या मोजणीने देहात सुमारे 5 लिटर रक्त असते व हृदय जवळजवळ तितकेच दर मिनिटास बाहेर सोडते. इतके रक्त अन्नातून निपजणे अशक्य. अर्थात तेच परत येत असले पाहिजे. मग त्याने दंड आवळून पाहिला. बंध घट्ट असता धमनी अडून हात थंड पडे. किंचित सैल करताच धमनीतून रक्त खाली उतरे, पण शिरांतून माघारी जाऊ न शकल्याने शिरा फुगत. धमन्या रक्त हृदयापासून नेतात, शिरा हृदयाकडे आणतात, हे यावरून ठरले.

1628 साली, म्हणजे शिवजन्माच्या दोन वर्षे आधी, त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. विद्वानांनी कडाडून विरोध केला. 1642 मध्ये यादवी युद्धात त्याचे बिऱ्हाड लुटले जाऊन बहुमोल टिपणे नष्ट झाली. तरी तो ढळला नाही. 1657 साली तो वारला. धमन्या व शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मालपीगीने 1661 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा पुराव्यातील उरलेला दुवाही मिळाला.

रक्तदाब मोजताना दंडास बांधितात तो पट्टा हार्वेच्या बंधाचाच वंशज होय. वाढलेला दाब धमन्यांस मुकाट्याने जर्जर करितो. दुखत नाही म्हणजे रोग नाही, ही समजूत घातक आहे. मिरजेस डॉ. वान्लेस यांनी 1894 साली रुग्णालय उघडिले, त्यास शतक उलटून गेले. तरी छातीत कळ आली असता उतारे-गंडे करण्यात मोलाची वेळ दवडणे कोठे चालू असेल, तर ते तत्काळ बंद झाले पाहिजे. दर दिवाळीस वह्यांचा ताळा पाहणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनी आपल्या धमन्यांचाही ताळा वेळोवेळी डॉक्टरांकडून पाहून घ्यावा, आणि घरच्या स्त्रियांचाही तितक्याच अगत्याने पाहवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.