पंडितेची शंका

डोंबिवलीकराचा सोलापूरकडचा प्रवास कल्याणहून सुरू होतो. घाट चढून पुणे मागे टाकले की दौंडच्या अलीकडे केडगाव हे छोटे स्टेशन लागते. गाडी वेगात पुढे जाते आणि खिडकीशी बसलेल्या नातवाला आजोबा एवढेच सांगतात की इथे पंडिता रमाबाई राहत होत्या. रमाबाईंनी विधवांसाठी काय केले, हे आपण शाळेत वाचलेले असते. त्या ख्रिस्ती झाल्या, हेही ठाऊक असते. पण ख्रिस्ती झाल्यावर दोन वर्षांच्या आत त्यांनी आपल्या नव्या गुरुजनांशीच वाद मांडला, आणि तोही ख्रिस्त देव की माणूस या प्रश्नावर, ही हकीकत फारशी कुणी सांगत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाला. तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हे कुटुंब हिंडले. दुष्काळात आईवडील गेले. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायपीट करीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचले, तिथे विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवले. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी झालेला विवाहही दोन वर्षे टिकला नाही. १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले, पदरी छोटी मनोरमा होती. ब्राह्मो मंडळींच्या सहवासात आणि उपनिषदांच्या वाचनात एकच निराकार ईश्वर मनात ठसला होता. पुण्यात आल्यावर नीळकंठशास्त्री म्हणजेच फादर नेहेमिया गोरे यांच्या लिखाणाने त्या ख्रिस्ती विचाराकडे वळल्या.

१८८३ मध्ये वैद्यकी शिकायच्या आशेने त्या इंग्लंडला गेल्या. कानांच्या दोषामुळे ती आशा विरली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्या परक्या देशात आत्महत्या केली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागल्या, स्वतः गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकू लागल्या. वाद उभा राहिला तो इथेच.

लीला की खरे माणूसपण?

हा वाद आपल्याला अगदीच परका नाही. रामाने सीतेसाठी टाहो फोडला तेव्हा ते दुःख खरे होते की ती लीला होती, हा प्रश्न कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यालाही पडतो. ख्रिस्ती जगात याच जातीच्या प्रश्नावर शतकानुशतके रण माजले. पुत्र हा देवाने निर्मिलेला, असे अलेक्झांड्रियाचा अरियस सांगे. ३२५ मध्ये निकिया येथील परिषदेने ते नाकारले आणि पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा ठरवला. मग तो माणूस कसा? ४५१ मध्ये कॅल्सिडॉनच्या परिषदेने निर्णय दिला की व्यक्ती एक, स्वभाव दोन. तो पूर्ण देव आणि पूर्ण मानव.

रमाबाईंचे म्हणणे साधे होते. येशूला देवाने पाठवलेला तारक म्हणून त्या मानत होत्या. पण तोच ईश्वर, पिता-पुत्र-पवित्र आत्मा असे तीन मिळून एक, आणि त्याचा कुमारीच्या पोटी जन्म, या गोष्टी त्यांच्या बुद्धीला पटेनात. बायबलात काय आहे ते दाखवा, परिषदांनी काय ठरवले ते मला बांधील नाही, असा त्यांचा रोख होता. प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांच्या शंकांना धीराने, लांबलचक पत्रांतून उत्तरे दिली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना मात्र यात अहंकार आणि कृतघ्नता दिसली. या सिस्टरना रमाबाई प्रेमाने आजीबाई म्हणत. भांडणातही ते संबोधन सुटले नाही.

खरा पेच मनोरमेचा होता. चार वर्षांची पोर मठात सिस्टरांपाशी वाढत होती. मला जे पटलेले नाही ते माझ्या मुलीला शिकवू नका, असे आईने बजावले. विचार करा, परका देश, अन्न आणि निवारा त्याच मंडळींचा, मायदेशी परतावे तर बाटलेली म्हणून दारे बंद. तरीही मायदेशातल्या पुरोहितांचे जोखड उतरवून आलेली मी दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, ही त्यांची भूमिका होती. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत हवीत, असेही त्यांनी कळवले. संस्कृत देववाणी आहे म्हणून नव्हे, आपल्या देशाची प्राचीन आणि सुंदर भाषा आहे म्हणून. त्याच १८८५ मध्ये इकडे जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली होती.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तिथे मिळालेल्या मदतीवर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, असा गवगवा होऊन १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. इंग्लंडात ज्या पुरेशा ख्रिस्ती ठरल्या नव्हत्या, त्या पुण्यात फार ख्रिस्ती ठरल्या.

मधल्या काळात त्यांचे मनही बदलत होते. १८९१ च्या सुमारास आलेल्या अंतरीच्या अनुभवानंतर ख्रिस्त हा त्यांच्यासाठी चर्चेचा विषय उरला नाही, तो त्यांचा तारणारा प्रभू झाला. आपण आधी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त मात्र पुढे भेटला, अशा आशयाची कबुली त्यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात दिली आहे. ज्या श्रद्धेसाठी मठात आग्रह झाला, तिच्यापाशी त्या आपल्या पायांनी, आपल्या वेळेला पोचल्या.

दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुलींसाठी केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. तिथेच रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. साध्या बायांना कळावे, हा हेतू. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही आश्रमातल्याच मुली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी आईनेही डोळे मिटले. संपूर्ण बायबल छापून आले ते १९२४ मध्ये.

चेल्टनहॅमच्या त्या तरुण विधवेने मूळ ग्रंथात काय आहे ते दाखवा म्हटले होते. केडगावच्या वृद्धेने तो मूळ ग्रंथ इतरांच्या हाती दिला, ज्याने त्याने स्वतः वाचावा म्हणून. पुढच्या वेळी केडगाव मागे पडताना नातवाला एवढे आणखी सांगायला हरकत नाही.