परीक्षेला न बसलेला परीक्षक

सकाळची कल्याणकडे जाणारी लोकल यायला अजून दहा मिनिटे असतात. वाशिंदच्या फलाटावर उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलामुलींकडे अशा वेळी जरा निरखून पाहावे. कोणी गप्पा मारीत असते, कोणी डबा सावरीत असते, आणि एखादी मुलगी खांबाला टेकून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत असते. हातात इंग्रजी शब्दांची वही, पानाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. कॉलेजातली इंग्रजीची स्पर्धा परीक्षा जवळ आलेली असते. घरात मराठी, शेजारीपाजारी आगरी-कुणबी बोली, दहावीपर्यंतची शाळा मराठी, आणि आता तासाभरात शे-दीडशे प्रश्न सोडवायचे ते इंग्रजीत. तिच्या मनातला प्रश्न तिने न सांगताही कळतो. ही भाषा कधीतरी आपली होईल का, की आपण नुसतेच घोकत राहणार?

या फलाटाचा आणि त्या प्रश्नाचा एक जुना योगायोग आहे. कल्याणच्या पुढे वाढवलेला लोहमार्ग वाशिंदला येऊन पोहोचला तो १ ऑक्टोबर १८५५ रोजी. त्याच वर्षी लंडनमध्ये हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठी पहिली खुली स्पर्धा परीक्षा घेण्यात आली. कागदोपत्री ती हिंदी तरुणांनाही खुली होती. पण परीक्षा लंडनमध्ये आणि इंग्रजीत, शिवाय वयाची अट कडक. म्हणजे दरवाजा उघडा होता, मात्र तो सात समुद्रांपलीकडे होता. त्या दरवाजापर्यंत ज्याला कधीच जाता आले नाही, अशा एका कोकणी मुलाची ही कथा आहे. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले.

सात रुपयांचा संसार

गोपाळचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक या खेड्यातला. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीला होते. त्यांचे स्वतःचे शिक्षण गरिबीमुळे अर्धवट सुटलेले. १८७९ मध्ये ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा आणि थोरले बंधू गोविंदराव अठरा वर्षांचे होते. गोविंदरावांनी पुस्तके मिटली आणि कागलला पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला जात आणि उरलेल्या सातांत घर चाले. आपल्या शिक्षणाची किंमत कोणी चुकवली, हे गोपाळने पुढे आयुष्यभर विसरायचे नाही असेच ठरवले असावे. त्याचे हिशेबी वागणे पाहिले की तसे वाटते.

कोल्हापुरात तो हाताने स्वयंपाक करून राही. एका मित्राने त्याला नाटकाला नेले. मित्र आपल्या खर्चाने नेतो आहे अशी गोपाळची समजूत, पण पुढे मित्राने तिकिटाचे पैसे मागितले. गोपाळने कुरकुर न करता ते दिले, आणि ती तूट भरून काढण्यासाठी दिव्याचे तेल वाचवून रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, असे चरित्रकार सांगतात. शाळेतली दुसरी एक आठवणही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गणित बरोबर सोडवल्याबद्दल गुरुजींनी त्याला शाबासकी दिली, तेव्हा तो रडू लागला, कारण गणित सोडवताना त्याने दुसऱ्याची मदत घेतली होती. अशा कथांना काळाच्या ओघात थोडा रंग चढतो हे खरे. परंतु ज्याच्याविषयी त्या सांगितल्या जातात, त्याचा स्वभाव त्यातून दिसतोच.

१८८१ मध्ये मॅट्रिक झाल्यावर गोपाळने नोकरी करायचे ठरवले. भावाच्या खांद्यावर आणखी किती काळ बसायचे? पण घराने ते ऐकले नाही. गोविंदरावांच्या पत्नीने दिराच्या शिक्षणासाठी आपले दागिने पुढे केले. इतिहासाच्या पुस्तकांत या वहिनीच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते. गोखल्यांच्या कीर्तीचा पाया मात्र त्या दागिन्यांवरही उभा आहे.

पाठांतराची तपश्चर्या

कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, काही काळ पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा गोपाळचा प्रवास झाला. एल्फिन्स्टनला तेव्हा इंग्रजी वर्ड्‌स्वर्थ शिकवीत. ते कवी वर्ड्‌स्वर्थचे नातू. गणिताला हॉथॉर्नथ्वेट होते. गोपाळला महिना वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

इंग्रजी शिकण्याची त्याची पद्धत आजच्या शिक्षणतज्ज्ञांना फारशी रुचणार नाही. तो पाठ करी. कवितेच्या ओळी पाठ करणे सर्वांनाच ठाऊक होते, हा गद्याची पानेच्या पाने पाठ करी. पुस्तक मित्राच्या हाती द्यायचे, आपण म्हणत जायचे आणि चुकेल तिथे चुकीमागे एक आणा देण्याची पैज लावायची, अशी त्याची रीत सांगतात. मित्राच्या पदरी त्यातून फारसे काही पडले नाही म्हणे! बर्कसारख्या वक्त्याची लांबलचक, एकात एक गुंतलेली वाक्ये तो घटवून घटवून मुखोद्गत करी.

ही निव्वळ घोकंपट्टी म्हणायची का? सोबत्यांना तसे वाटले असल्यास नवल नाही. पण आपल्या परंपरेत पाठांतराला नेहमीच दोन पायऱ्या मानल्या आहेत. आधी शब्द तोंडात बसायचा, मग अर्थ मनात उतरायचा. ज्याच्या घरात इंग्रजीचा एक शब्द बोलला जात नव्हता, त्या मुलाने भाषेचा कान कुठून आणायचा? त्याने तो उत्तम गद्याच्या घोकंपट्टीतून कमावला. वाक्य कुठे उचलायचे, कुठे थांबवायचे, कोणता शब्द शेवटी ठेवला की त्याला वजन येते, हे त्याच्या जिभेला आधी कळले आणि बुद्धीला नंतर. पहिल्या पायरीवर तो कित्येक वर्षे उभा होता. दुसरी पायरी त्याला पुढे पुण्यात भेटायची होती.

१८८४ मध्ये अठराव्या वर्षी तो बी. ए. झाला. विलायतेला जाऊन सनदी परीक्षा द्यावी, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. त्या काळी परीक्षेची वयोमर्यादा एकोणीस वर्षांपर्यंत खाली आणलेली होती. म्हणजे हातात जेमतेम वर्ष. लंडनचा प्रवास, तिथला मुक्काम, शिकवणी, या सर्वांसाठी पैसा कुठून यायचा? वहिनींच्या अंगावर आता दागिने तरी किती उरले असणार? तो विचार तिथेच संपला. पुण्याला येऊन इंजिनिअरिंगच्या वर्गात त्याने डोकावून पाहिले, ते जमले नाही. कायद्याचा अभ्यास सुरू केला, तोही पूर्ण झाला नाही. शेवटी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर तो शिक्षक झाला.

तोंडपाठ भाषेला हिशेब भेटतो

टिळक-आगरकरांच्या सहवासात गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. नव्या फर्ग्युसन कॉलेजात ते आधी इंग्रजी शिकवू लागले. टिळक संस्थेतून बाहेर पडल्यावर गणित त्यांच्याकडे आले आणि पुढे इतिहास व अर्थशास्त्रही. अंकगणितावरचे त्यांचे पुस्तक शाळांतून खूप चालले. आगरकरांच्या ‘सुधारका’ची इंग्रजी बाजू त्यांनी सांभाळली.

पण त्यांना घडवले ते न्यायमूर्ती रानड्यांनी. रानडे भेटले तेव्हा गोखले विशीच्या उंबरठ्यावर होते. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक, सरकारकडे धाडायचे अर्ज, जमाखर्चाचे अहवाल, हे सारे रानडे त्यांच्यापुढे टाकीत. सरकारी अहवालातला आकडा घ्यायचा, तो मागच्या वर्षाशी ताडून पाहायचा, त्याचा अर्थ लावायचा आणि मगच वाक्य लिहायचे. इथे पाठांतराचा उपयोग नव्हता. बर्कची वाक्ये उसनी आणता येतात. मिठावरच्या कराचा गरिबावर किती भार पडतो, हे मात्र स्वतःच शोधून स्वतःच्याच शब्दांत मांडावे लागते. उसन्या भाषेला स्वतःचा हिशेब मिळाला, आणि त्या दिवसापासून ती भाषा उसनी राहिली नाही.

त्याची पहिली मोठी कसोटी १८९७ मध्ये लंडनला लागली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रमण्य अय्यर यांच्याबरोबर तिशीतले गोखले गेले. कसलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीला त्यांनी आकड्यानिशी उत्तरे दिली. तेरा वर्षांपूर्वी ज्या शहरात परीक्षेला जाता आले नव्हते, तिथे ही एक परीक्षाच होती.

मात्र त्याच प्रवासात त्यांची एक चूकही झाली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांविषयी गावाकडून पत्रे आली होती. त्यांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला मुलाखत दिली. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला, पण तो देता येईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगणे म्हणजे त्यांना संकटात लोटणे होते. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. देशभर त्यांच्यावर टीकेची झोड उठली, त्यांना भेकड म्हटले गेले. पुढे वर्षानुवर्षे ही माफी त्यांच्या पाठीस लागून राहिली. माफी मागावी की नाही, यावर आजही दोन मते होऊ शकतील. एवढे खरे की, सिद्ध करता येणार नाही असा शब्द तोंडातून काढायचा नाही, हा धडा ते पुन्हा कधी विसरले नाहीत.

तो धडा २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात दिसला. वरिष्ठ कायदेमंडळातले त्यांचे ते पहिले अंदाजपत्रकीय भाषण. तिजोरीत शिल्लक पडते म्हणजे देश सुखी आहे, असा सरकारचा दावा होता. ही शिल्लक सुबत्तेची नसून गरिबांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची आहे, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला आणि पुढल्या काही वर्षांत आणखी उतरला. कोणत्याही परीक्षेतल्या गुणांपेक्षा हा निकाल मोठा होता, कारण तो खेड्यातल्या भाकरीपर्यंत पोहोचला.

इंग्रजीची मर्यादा

गोखल्यांचे चरित्र लिहिताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्यांची इंग्रजी कायदेमंडळ जिंकत होती, तेव्हा टिळकांची मराठी बाजारपेठा आणि चावड्या जिंकत होती. सामान्य माणसाला ‘केसरी’ कळे. कलकत्त्यातले भाषण त्याच्यापर्यंत पोहोचायचे ते दुसऱ्याच्या तोंडून. परक्या भाषेवर हुकमत मिळवणाऱ्याला ही किंमत द्यावी लागते आणि गोखल्यांनी ती दिली.

त्यांना याची जाणीव नव्हती असे मात्र नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी सर्वांत जास्त शक्ती लावली ती सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी, म्हणजे खेड्यातल्या मुलाच्या पहिल्या पाटीसाठी. १९११ मध्ये त्यांनी विधेयक मांडले. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथल्या हिंदी मजुरांपुढे, व्यापाऱ्यांपुढे बोलायचे कोणत्या भाषेत, असा प्रश्न आला. हिंदुस्थानी त्यांना सफाईने येत नव्हती. गांधीजींनी त्यांना मराठीत बोलण्याचा आग्रह केला. समोर कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय मंडळीही होती. भाषांतर मी करीन, असा शब्द गांधीजींनी दिला. गांधीजींच्या मराठीच्या ज्ञानाबद्दल गोखल्यांना शंका होती, आणि त्यांनी ती हसत बोलूनही दाखवली. पण पुढे त्या दौऱ्यात ते मराठीतच बोलत राहिले. मायदेशी इंग्रजीने गाजलेला हा वक्ता समुद्रापार आपल्या आईच्या भाषेत बोलला, आणि ऐकणाऱ्यांच्या मनाला जाऊन भिडला.

उलटा फिरलेला कागद

१९१२ मध्येच सनदी नोकऱ्यांची चौकशी करण्यासाठी लॉर्ड इस्लिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले गेले. सनदी परीक्षा फक्त लंडनमध्येच का, ती हिंदुस्थानातही एकाच वेळी का घेऊ नये, ही काँग्रेसची १८८५ च्या पहिल्या अधिवेशनापासूनची मागणी होती. १८९३ मध्ये पार्लमेंटने तसा ठराव करूनही तो अमलात आला नव्हता. या कमिशनच्या सभासदांत गोखले होते. अठराव्या वर्षी पैशाअभावी ज्या परीक्षेचा विचार सोडून द्यावा लागला, त्या परीक्षेचीच तपासणी करायला काळाने त्यांना बसवले. मधुमेहाने शरीर पोखरले होते, डॉक्टर विश्रांती घ्या म्हणून सांगत होते, आणि ते साक्षीमागून साक्षी ऐकत, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारत होते. अहवाल पुरा व्हायच्या आत, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. हिंदुस्थानात ती परीक्षा प्रथम घेतली गेली १९२२ मध्ये, अलाहाबादला.

वाशिंदच्या फलाटावरच्या त्या मुलीला हे सारे सांगावेसे वाटते. लंडनचे केंद्र आता तिच्यासाठी लोकलच्या टप्प्यात आले आहे. त्यामागे किती जणांचे आयुष्य खर्ची पडले, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. शब्द घोकण्यात कमीपणा नाही, गोखल्यांनीही घोकले. पण वहीतले शब्द संपले की आपल्याकडे सांगण्यासारखे काय आहे, हा प्रश्न शेवटी उरतोच. भातसेचे पाणी मुंबईला जाते आणि शहापुरातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. एवढी एक गोष्ट जरी तिने उद्या आकड्यानिशी, स्वच्छ इंग्रजीत मांडली आणि घरी येऊन आजीला मराठीत समजावून सांगितली, तरी भाषा तिची झाली असे समजावे.

गाडी येते, वही पिशवीत जाते. आणि घरी कोणीतरी वहिनी, कोणीतरी थोरला भाऊ आपले काहीतरी बाजूला ठेवून तिच्या फीचे पैसे मोजत असतो.